उभं करून बीपी बघणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी गर्दीत धड आभारही मानता आले नाहीत, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण अशी चक्कर घेऊन दवाखाने पालथे घालणारी घरं बरीच असतील.

पलंगावरून उठलं की बाबांच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. कुणी मानेचे मणके म्हणालं, कुणी कान, कुणी सरळ "वय झालं". गळ्यात पट्टा आला, मेंदूचा एमआरआय झाला. बीपी सगळीकडे मोजलं, पण खुर्चीत बसवून. ते दर वेळी छान!

तुम्ही बाबांना पाच मिनिटं गप्प आडवं केलंत. १४८/८४. मग उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजलंत. ११२/७०. बाबांनी टेबलाची कड धरली, तेव्हा तुमचा एक हात त्यांच्या पाठीला होता, दुसरा नाडीवर. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर कारण शोधायलाच हवं, म्हणालात.

माझ्या मते खरी मेख त्या नाडीत होती. ७० ची ९४ झाली होती. उभं राहिलं की अर्धा लिटरभर रक्त पोटाकडे, पायांकडे उतरतं; नसा (म्हणजे मज्जातंतू) शाबूत असल्या तर हृदय लगेच वेग वाढवतं. बीपी एवढं पडूनही नाडी जागची हलली नसती, तर मधुमेहाने नसा गेल्यात का, पार्किन्सन्स (कंपवात) तर नाही ना, ते आधी बघावं लागलं असतं. आमची नाडी पळत होती, म्हणून तुम्ही मोर्चा औषधांकडे वळवलात.

पिशवी टेबलावर उपडी झाली. प्रोस्टेटसाठी नुकतीच सुरू झालेली टॅम्सुलोसिन एका डॉक्टरांची, लघवी वाढवणारी बीपीची गोळी दुसऱ्यांची. दोन्ही उभ्याने बीपी पाडू शकणाऱ्या, पण कधी एका टेबलावर आल्याच नव्हत्या. वर तुम्ही सहज विचारलंत, "काका, पाणी किती पिता?" रात्री उठायला नको म्हणून बाबा दुपारनंतर पाणीच टाळत होते. आईलासुद्धा पत्ता नव्हता!

हिमोग्लोबिन, सोडियम, साखर, ईसीजी, एवढ्यावर भागलं. गोळ्या तुम्ही दोन्ही डॉक्टरांशी फोनवर बोलून बदलल्यात, आणि स्वतःहून काही बंद करायचं नाही असा बाबांना दमही भरलात.

आता बाबा झोपून आणि उभ्याने, दोन्ही बीपी वहीत लिहितात. पुढच्या वेळी वही आणते. एमआरआयची फाईलही ते सोबत घेणार आहेत. पैसे मोजलेत म्हणे.

तुमची ऋणी,
काकांची धाकटी मुलगी