‘वायर अजून हलवू नका’ म्हणणाऱ्या दादांना

नमस्कार दादा,

जीडीबी हा डीबगर ३३३३ पोर्टवर जोडला की त्याला बोर्डावरच्या चिपशी जोडून देणारं ओपनओसीडी जागच्या जागी कोसळायचं. जीडीबीला ‘रिमोट कनेक्शन क्लोज्ड’, इकडे टर्मिनलवर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (चुकीच्या मेमरीला हात लावल्याची एरर), संपलं. ज्यांनी ओपनओसीडीची ही बदललेली आवृत्ती बोर्डासोबत दिली, त्या विक्रेत्याच्या मदतकक्षाचं उत्तर ठरलेलं: ड्रायव्हर पुन्हा टाका, केबल बदला, नाहीतर महागडा प्रोब (संगणक आणि चिप यांना जोडणारं उपकरण) घ्या. लॉग कुणीच मागितला नाही. चिप कुठली, हेही विचारलं नाही.

तुम्ही पहिल्याच निरोपात लिहिलंत, ‘वायर अजून हलवू नका. आधी हा क्रॅश पकडू.’ हे पत्र खरं तर त्या एका वाक्यासाठी आहे. वायरिंगमध्ये खोट असणार हे तुम्हाला दिसतच होतं. ते सुधारून मोकळं होणं सोपं होतं, पण मग दोष झाकला जाऊन पुढच्या माणसाच्या टेबलावर पुन्हा उगवला असता. चिप उत्तर देत नसेल तर साधनाने एरर द्यावी, मरू नये, ही तुमची भूमिका. आधीच्या सगळ्यांनी मात्र चिपचं गप्प बसणं आणि साधनाचं कोसळणं एकाच पोत्यात भरलं होतं.

-जी -ओ० (डीबगची माहिती ठेवा, ऑप्टिमायझेशन नको) देऊन ओपनओसीडी पुन्हा बिल्ड करायला लावलंत, म्हणून बॅकट्रेसमध्ये, म्हणजे कोसळताना चालू असलेल्या फंक्शनच्या यादीत, प्रश्नचिन्हांऐवजी फंक्शनची नावं आली. ओपनओसीडीच दुसऱ्या जीडीबीखाली चालवून ‘बीटी फुल’ हा सविस्तर बॅकट्रेस घेतल्यावर पत्ता शून्याला चिकटलेला दिसला, म्हणजे नल (कुठेच न निर्देश करणाऱ्या) पॉइंटरमधलं फील्ड वाचलं जात होतं. जीडीबी जोडताना त्याला मेमरी मॅप (कुठल्या पत्त्यावर कुठली मेमरी, याचा नकाशा) द्यायचा म्हणून ओपनओसीडी फ्लॅश, म्हणजे चिपमधली प्रोग्राम साठवणारी मेमरी, तपासतं. टार्गेट, म्हणजे चिप, हाती लागलं नाही की मूळ ओपनओसीडीत जोडणी नाकारली जाते आणि ‘जीडीबी_मेमरी_मॅप डिसेबल’ करून पाहा असं सुचवलंही जातं. या बदललेल्या आवृत्तीत तपासणी फसल्याचा परतीचा कोड कुणी पाहतच नव्हतं. फ्लॅशच्या सेक्टरची यादी भरलेली आहे असं धरून कोड पुढे जात होता. दोन ओळींची दुरुस्ती. तो मेमरी मॅप बंद करण्याचा उपाय तात्पुरताच, हेही तुम्ही बजावलंत: मग जीडीबीच्या ‘लोड’ने फ्लॅश लिहिता येत नाही आणि फ्लॅशमधला कोड ठरावीक जागी थांबवायला ‘एचब्रेक’, म्हणजे हार्डवेअर ब्रेकपॉइंटच वापरावा लागतो. कॉर्टेक्स-एम३ या प्रोसेसरवर असे हार्डवेअर ब्रेकपॉइंट जेमतेम ६.

चिप का गप्प होती, ते मग चटकन उलगडलं. एसटीएम३२एफ१०३ वर्गातली (कॉर्टेक्स-एम३वरची) चिप, फर्मवेअर सुरू होताच स्टॉप मोड या झोपेत जाणारं, त्यामुळे घड्याळ बंद आणि एसडब्ल्यूडी ही डीबगची जोडणीही बंद. नेहमीच्या चार तारांत एनआरएसटी, म्हणजे रीसेटची तार, नसते. पाचवी तार ओढून ओपनओसीडीला ‘कनेक्ट_असर्ट_एसआरएसटी’ हे सेटिंग दिलं की चिप रीसेटमध्ये धरूनच जोडणी होते. काही स्वस्त डोंगलसारख्या प्रोबवरची आरएसटी पिन मात्र एसटीएम८ या दुसऱ्या चिपमालिकेपुरतीच असते, तिथे रीसेटचं बटण हाताने दाबून धरावं लागतं. शिवाय डीबगच्या बिल्डमध्ये डीबीजीएमसीयू_सीआर या चिपमधल्या रजिस्टरचे खालचे तीन बिट चढवले की झोपेतही डीबग चालू राहतं. वीसेक सेंटीमीटरच्या सुट्या जंपर तारा आणि ४००० किलोहर्ट्झचा एसडब्ल्यूडी वेग यांचं जमत नाही. तारा निम्म्या, ग्राउंड एसडब्ल्यूसीएलके या घड्याळाच्या तारेशेजारून, वेग ४८०.

२००५ मध्ये ऑग्सबर्गच्या डॉमिनिक राथ या विद्यार्थ्याच्या प्रबंधातून ओपनओसीडी सुरू झालं आणि अनोळखी माणसांनी एकमेकांचे लॉग वाचत ते आजवर चालवलं. परक्याचा हजार ओळींचा -डी३ (सविस्तर) लॉग कुणी कशाला वाचेल? तुम्ही वाचलात, आणि नेमकी कुठली ओळ पाहायची ते नम्रपणे दाखवलंत. ज्ञान असलेली माणसं पुष्कळ भेटतात, समोरच्याला मूर्ख न ठरवता ते देणारी फार थोडी.

दुरुस्तीचा पॅच विक्रेत्याकडे बॅकट्रेससकट पाठवला आहे. तुमचं नाव घालू नका म्हणालात, म्हणून घातलं नाही. मनापासून आभार, दादा.