जनावर कोणाचं, पाणी कोणाचं

विंडहुक, नामिबिया

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

शिकारीच्या त्या फोटोखाली नुसतं "बाबा, हे काय?" एवढंच लिहिलंस आणि नंतर फोनच घेतला नाहीस. घेतला असतास तरी भांडणच झालं असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

फोटोतली बंदूक माझी नाही आणि बारही मी काढलेला नाही. पण चलतोस का विचारल्यावर मी हो म्हणालो, हेही खरं. ओट्जिवारोंगो गावाच्या पुढे एका फार्मवर सोलर पंप बंद पडला होता, त्यासाठी गेलो होतो. मालक जर्मन वंशाचा, पण इथेच जन्मलेला. त्याच्याकडे ऑस्ट्रियाहून एक पाहुणा शिकारीला आला होता. संध्याकाळी पंप सुरू झाला तसा मालक म्हणाला, उद्या आमच्याबरोबर ये, तुझ्या पाण्यावर कोण जगतं ते तरी बघ.

हाकारे घालून जनावर मचाणासमोर आणायचं, असला प्रकार इथे नाही. पायी फिरायचं. पुढे माग काढणारा, सान या इथल्या आदिवासी समाजातला; त्याच्यामागे गाईड, मग पाहुणा, सगळ्यात शेवटी मी. परवानाधारक गाईडशिवाय परदेशी माणसाला इथे शिकार करताच येत नाही. गाईडच्या खांद्यावर बंदूक टेकवायचं तिकाटणं आणि खिशात राखेची पुरचुंडी. जरा चाललं की ती झटकायची आणि राख कुठे जाते बघायचं. वारा आपल्याकडून कळपाकडे वळला की कळप गेलाच म्हणून समज. माग काढणारा तर बोलतच नव्हता. वाळूतल्या खुराच्या ठशाजवळ उकिडवा बसायचा, ठशाची कड बोटाने हलकेच दाबायचा. कड अजून धारदार असली की माग ताजा.

पहिला कळप दिसला तेव्हा पाहुण्याने बंदूक टेकवलीसुद्धा, पण गाईडने मान हलवली. ओरिक्स म्हणजे इथलं हरणासारखं मोठं जनावर, त्यात नर-मादी दोघांनाही शिंगं असतात. मादीची लांब आणि बारीक, नराची आखूड आणि जाड. गाईडला हवी होती म्हातारी, पायाशी वासरू नसलेली मादी. तशी त्या कळपात नव्हती. पाहुण्याचा चेहरा पडला, मला मात्र बरं वाटलं. हजारो मैलांवरून पैसे मोजून आलेल्या माणसाला नाही म्हणणारा कोणीतरी तिथे होता.

दुसऱ्या कळपात ती सापडली. बार झाला, ती पाठीत वाकली आणि झुडपांत पळाली. कोणी हललं नाही. लगेच मागे धावलं तर जखमी जनावर आणखी लांब जातं. मग गवताच्या पात्यावर रक्त दिसलं, गुलाबी आणि फेसाळ. म्हणजे गोळी फुफ्फुसात. पोटात लागली असती तर हिरवट घाण दिसली असती आणि दिवसभर माग काढावा लागला असता. जायबंदी होऊन निसटलं तरी पैसे पूर्ण द्यायचे. पडलेल्या ओरिक्सजवळ पाठीमागूनच जायचं, कारण शेवटच्या श्वासातही ती शिंग फिरवते. गाईडने लांब काठीने तिच्या डोळ्याला स्पर्श करून खात्री केली, मग एक डहाळी मोडून तिच्या तोंडात ठेवली. शेवटचा घास. दुसरी डहाळी पाहुण्याच्या टोपीत. ही जर्मन शिकाऱ्यांची रीत.

त्यानंतर जे झालं ते मला आवडलं नाही. नाकपुडीतलं रक्त पुसलं, बाहेर आलेली जीभ आत ढकलली, धड नीट बसतं केलं, आणि पाहुणा हसत तिच्यामागे गुडघ्यावर बसला. मरण चालेल, पण मेलेल्या जनावराची अशी सजावट नको, असं मला वाटतं. तू म्हणशील, भलतंच तर्कट! असेल.

शिंगं आणि कातडं पाहुण्याबरोबर जाणार. मांस सगळं इथेच राहिलं. मजुरांच्या घरी गेलं, थोडं गावातल्या खाटकाकडे, उरलेल्याची बिल्टाँग, म्हणजे सुकं मांस, वाळत पडली. वाया काही गेलं नाही.

आता हिशेब सांगतो, कारण तू कायदा शिकतेस. १९७५ पर्यंत या भागातल्या शेतकऱ्याला ओरिक्स म्हणजे गायीचं गवत खाणारी चोर. तिला हाकलायची, नाहीतर मारायची. त्या वर्षीच्या कायद्याने खासगी जमिनीवरच्या ओरिक्स, कुडू, स्प्रिंगबॉक अशा जनावरांवर जमीनमालकाला हक्क दिला, आणि तोच शेतकरी त्यांच्यासाठी बोअर मारू लागला. माझं पोट त्या बोअरवर चालतं, तेव्हा मी तटस्थ नाही, हे लक्षात ठेव. पण कोरड्या वर्षी पाणवठ्यावर जे कळप दिसतात, त्यांचं पाणी कुठल्या पैशातून येतं हे मी बिलावर बघतो.

हा हक्क आधी गोऱ्या जमीनमालकांनाच होता, हे विसरू नकोस. नामिबिया १९९० मध्ये स्वतंत्र झाला आणि १९९६ च्या दुरुस्तीने सामुदायिक जमिनीवरच्या लोकांनाही हक्क मिळाला. १९९८ मध्ये पहिल्या चार कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे गावकऱ्यांनीच सांभाळायची वन्यजीव क्षेत्रं, नोंदल्या गेल्या, आज ८६ आहेत. त्या पहिल्या चारांतली न्याए न्याए ही सान लोकांची. तिथे ते अजून भुंगेऱ्याच्या अळीचं विष लावलेल्या बाणाने स्वतःसाठी शिकार करतात, आणि परदेशी शिकाऱ्यांचा पैसा वेगळा येतो.

सगळं असं गोड नाही. झिंबाब्वेत २०१५ मध्ये ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाबाहेर सेसिल नावाच्या सिंहाला मारलं, तो बाणाने जखमी होऊन कित्येक तास जिवंत होता. दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात वाढवलेले सिंह कुंपणात सोडून मारतात. त्याला मी शिकार म्हणत नाही, तो कत्तलखाना आहे, आणि तिथल्या सरकारनेही २०२१ मध्ये तो धंदा बंद करण्याचं धोरण जाहीर केलं. इथला एक म्हातारा काळा गेंडा मारण्याचा परवाना २०१४ मध्ये डॅलसला साडेतीन लाख डॉलरला लिलावात गेला, त्याबद्दल माझं मत अजून ठरत नाही. गेंडा जगवायला राखणदार लागतात, राखणदारांना पगार लागतो, इतकं कळतं. तरीही त्या आकड्याकडे बघून कसंसंच होतं.

बंदी हा सोपा उपाय वाटतो. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली आणि तरीही तिथली जनावरं घटत गेली. बोट्स्वानाने २०१४ मध्ये बंद केली, २०१९ मध्ये पुन्हा सुरू केली. २०२४ मध्ये जर्मनीत ट्रॉफी, म्हणजे शिकारीची शिंगं-कातडी, आणण्यावर निर्बंधांची चर्चा झाली, तेव्हा बोट्स्वानाच्या राष्ट्राध्यक्षांनी वीस हजार हत्ती भेट म्हणून पाठवतो, सांभाळून दाखवा, असं सुनावलं होतं! त्याच वर्षी दुष्काळात नामिबिया सरकारने ७२३ वन्य जनावरं मारून मांस वाटायचं ठरवलं, त्यांत ८३ हत्ती. जगभर ओरड झाली. ज्यांच्या ताटात ते जाणार होतं, त्यांना कोणी विचारलं नाही.

मग आपल्याकडेही शिकार सुरू करा, असं मी म्हणतोय का? अजिबात नाही. हा देश महाराष्ट्राच्या अडीच पटींहून मोठा आणि माणसं सुमारे तीस लाख, म्हणजे आपल्या नागपूर जिल्ह्याहून कमी. आपल्याकडे बंदूक चालवायला मोकळी जागाच नाही. शिवाय आपण शिकारीचं काय केलं तेही माहीत आहे. १९४७ मध्ये आताच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या राजाने रात्री मोटारीच्या उजेडात तीन चित्ते टिपले, आपल्याकडचे ते शेवटचे समजतात. मग २०२२ मध्ये कुनोला आठ चित्ते याच देशातून न्यावे लागले.

पण काकांच्या शेतात रोही आणि डुक्कर रात्री घुसतात तेव्हा काय होतं, ते तू लहानपणापासून बघतेस. जनावर सरकारचं, नुकसान काकांचं, आणि पंचनाम्यासाठी खेटे घालायचे तेही काकांनीच. तुझा राग मला मान्य आहे. फक्त त्या रागात काकांना कुठे बसवणार, तेवढं मला लिहून कळव. १९७२ चा वन्यजीव कायदा तुला अभ्यासाला आहेच, त्यातली कलमं काढून भांड.

मेसचे पैसे टाकले आहेत. दिवाळीचं तिकीट अजून काढलेलं नाही, परीक्षा कधी संपते ते सांग.

तुझा,
बाबा