मिल्टन, त्याच्या लेकी आणि दख्खनचा वड

प्रिय ठमे,

किती दिवसांनी लिहितेय, रागावू नकोस गं. परवा म्हणालीस ना की संध्याकाळी तू हल्ली फोनच उचलत नाहीस, तर त्याचं कारण मिल्टन. हो हो तोच, जॉन मिल्टन, बी.ए.ला आपण गाईडमधून पाठ केला आणि पेपर झाल्यावर विसरलो तो. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या चाळीत एक मुलगी आहे, तिला जन्मापासून दिसत नाही, एम.ए. इंग्लिश करतेय. परीक्षेला रायटर मिळतो पण अभ्यासाला रोज वाचून कोण दाखवणार? मोबाइल वाचतो सगळं पण ती म्हणते कविता त्याला श्वास न घेता वाचायची सवय आहे. म्हणून मी जाते, साडेसहा ते आठ. सध्या पॅराडाइज लॉस्ट चालू आहे, त्याचं ते आदम आणि ईव्हवरचं मोठं काव्य.

आणि ठमे, मला या माणसाने पार धरून ठेवलंय. समर्थ रामदासांच्याच वर्षी जन्मलेला, १६०८, लंडनला. ही एवढी दहा हजारांहून जास्त ओळींची कविता रचली तेव्हा त्याला काहीही दिसत नव्हतं. इंग्लंडमध्ये १६४९ च्या जानेवारीत राजाचं डोकं उडवलं आणि दोनच महिन्यांत हा नव्या सरकारात परदेशी पत्रव्यवहाराचा सेक्रेटरी झाला. एक डोळा तेव्हाच जवळजवळ गेलेला, डॉक्टर सांगत होते की आता लिखाण केलंस तर दुसराही जाईल, पण राजाविरुद्ध जे केलं ते बरोबर होतं हे सगळ्या युरोपला लॅटिनमध्ये पटवून द्यायचं काम अंगावर होतं, त्याने ते पुस्तक लिहिलं आणि १६५२ पर्यंत पूर्ण अंधार. ४३ वर्षांचा होता गं, आपल्याहून लहान. त्याच वर्षी बायको बाळंतपणात गेली, थोड्याच दिवसांनी एकुलता मुलगा गेला. मागे राहिल्या तीन मुली, सगळ्यात धाकटी तान्ही.

पुढे १६६० ला राजाचा मुलगा परत गादीवर आला, याची पुस्तकं सरकारी हुकमाने जाळली, हा काही महिने मित्राकडे लपला, तुरुंगातही गेला, अँड्र्यू मार्व्हेल नावाचा कवी पार्लमेंटात होता तो याच्यासाठी उभा राहिला. जीव वाचला. पण ज्या राज्यासाठी डोळे दिले ते राज्यच गेलं, आणि मग हा माणूस बसून काव्य सांगतोय.

कसं सांगायचा ते ऐक. रात्री पडल्या पडल्या ओळी सुचायच्या, सकाळपर्यंत डोक्यात साठून राहायच्या, मग खुर्चीत तिरका रेलून, एक पाय खुर्चीच्या हातावर टाकून बसायचा आणि लिहून घेणाऱ्याची वाट बघायचा. कधी भाचा, कधी शिकायला येणारा कुणी मुलगा, जो हाताशी असेल तो. त्याला यायला उशीर झाला की म्हणायचा, माझी धार काढायची राहिलीय! अगदी हेच, गाय तटतटून उभी असते आणि कुणी चरवी घेऊन येत नाही तसं. चाळीस ओळी एका दमात सांगायचा आणि मग त्या छाटून निम्म्या करायचा. हे मी त्या मुलीला सांगितलं तर ती हसली नाही, म्हणाली, ताई मला माहितीये ते, पेपरात उत्तर डोक्यात तयार असतं आणि रायटर अजून मागचंच वाक्य लिहीत असतो.

पण मला खरं सांगायचंय ते त्याच्या लेकींबद्दल. मोठीला बोलायला त्रास व्हायचा म्हणून ती सुटली, बाकी दोघींना तो वाचायला बसवायचा, मेरी आणि डेबोरा. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, इटालियन, फ्रेंच. उच्चार शिकवले होते, अर्थ नाही! बाईला एक भाषा पुरे असं म्हणायचा म्हणतात. विचार कर, तासन् तास एक अक्षर न कळता मोठ्याने वाचत राहायचं. आणि हे मला आत लागलं कारण मीही तेच करतेय ना, त्याची वाक्यं दहा दहा ओळी चालतात, क्रियापद शेवटी कुठेतरी सापडतं, मी नुसते शब्द उच्चारत असते आणि समोर ती मान हलवत असते, तिला कळलेलं असतं. फरक एवढाच की ती लगेच थांबवून मला समजावून सांगते. त्याने मुलींना हे का नाही केलं? मेरीला कुणीतरी सांगितलं वडील तिसरं लग्न करतायत, तर ती म्हणाली त्यात काय बातमी, मेले असं ऐकलं तर ती बातमी. हे त्यांच्या मोलकरणीने नंतर मृत्युपत्राच्या केसमध्ये साक्षीत सांगितलंय. आणि डेबोरा म्हातारपणी भेटायला येणाऱ्यांना होमर, ओव्हिड या जुन्या ग्रीक-लॅटिन कवींच्या ओळी तोंडपाठ म्हणून दाखवायची म्हणे. मी ते वाचून रडले. मला तो कवी म्हणून फार फार मोठा वाटतो आणि याबाबतीत मी त्याला माफ करू शकत नाही, दोन्ही एकदमच आहे, काय करू.

आता गंमत ऐक. नववा भाग चालू होता. आदम आणि ईव्हने फळ खाल्लंय, लाज वाटायला लागलीय, अंग झाकायला पानं शोधतायत. मी वाचतेय आणि एकदम मलबार आणि डेक्कन! मी थांबले, परत वाचलं. असं झाड जे मलबारात नाहीतर दख्खनमध्ये हात पसरतं, फांद्या वाकून जमिनीत मुळं धरतात, आणि आईच्या झाडाभोवती लेकी वाढतात. ती ओरडलीच, ताई हा वड! पारंब्या! खाली गुराखी उन्हाचा सावलीला येतो आणि फांद्यांच्या झरोक्यातून गुरांवर नजर ठेवतो असंही आहे पुढे. आपला वड, ठमे, लंडनमध्ये, १६६७ च्या पुस्तकात, न बघितलेला.

पानं मात्र त्याने ढालीएवढी लिहिलीयत. ती म्हणाली छे, एवढं कुठे असतं वडाचं पान, उद्या घेऊन या. दुसऱ्या दिवशी नेलं एक, शाळेजवळच्या वडाचं. तिने तळहातावर ठेवून बोटांनी मापलं, देठाचा चीक अंगठ्याला लागला तो चोळत बसली, मग म्हणाली, त्यालाही कुणीतरी वाचूनच दाखवलं असणार, पान कुणी हातात दिलं नाही. आणि लेकी वाढतात ती ओळ परत वाचा. मी तीनदा वाचली.

दहावा भाग सोमवारी सुरू करतोय. तुझ्याकडे ती जाड टिपांची जुनी प्रत होती ना, कपाटात बघ गं, सापडली तर कुरिअर कर, मला अर्थ आधी बघून ठेवायचाय. आणि फोन आठनंतर कर.

तुझीच,
मी