बॅकअप आहे, पण तो परत उभा राहतो का?

माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

सुरक्षेच्या लेखापरीक्षणात बहुधा 'बॅकअप घेतला जातो का?' असा एक रकाना असतो. समोर 'होय' लिहिले की विषय संपतो. आमची विनंती आहे की हा रकाना काढून तिथे तीन घालावेत: बॅकअपवरून यंत्रणा शेवटची कधी उभी करून पाहिली, कोणती उभी केली आणि किती तास लागले.

कारण रॅन्समवेअरवाले, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे, आत शिरल्या शिरल्या फायलींना हात लावत नाहीत. आधी ॲडमिनचे, म्हणजे यंत्रणा सांभाळणाऱ्याचे, अधिकार मिळवतात, मग बॅकअप सर्व्हर शोधून तिथल्या प्रती पुसतात आणि सगळ्यात शेवटी फायली कुलूपबंद करतात. बॅकअप सर्व्हर त्याच डोमेनला, म्हणजे एकाच लॉगिन-व्यवस्थेखालच्या नेटवर्कला, जोडलेला असेल तर एकाच पासवर्डने दोन्ही दारे उघडतात. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या घातक प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन तपासणारे सर्व्हर, पुसून टाकले. ते एकमेकांच्या प्रती म्हणून चालत होते, वेगळी प्रत नव्हती. घानातल्या कार्यालयाची वीज गेलेली असल्यामुळे तिथला एक तेवढा वाचला. त्यानंतर कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवावे लागले.

म्हणून एक प्रत अशी हवी, जी ठरलेली मुदत संपेपर्यंत ॲडमिनलाही पुसता येणार नाही. तिचे लॉगिन मुख्य डोमेनबाहेरचे असावे. प्रती निदान ९० दिवस ठेवाव्यात. हल्लेखोर महिनाभर आत दबा धरून बसला असेल, तर १४ दिवसांच्या सगळ्या प्रतींत त्याने करून ठेवलेली चोरवाटही जपली जाते. आणखी एक गोष्ट: बॅकअप एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असतो, पण त्याची किल्ली कुलूपबंद झालेल्या सर्व्हरवरच असते. ऐकायला विनोदी वाटते, पण हे घडते. किल्ली आणि जबाबदार माणसांचे फोन नंबर कागदावर, तिजोरीत ठेवायला सांगा.

वेळेचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. ५० टेराबाइट डेटा १ गिगाबिटच्या जोडणीवरून आणायला, जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी, १११ तास लागतात. म्हणजे साडेचार दिवसांहून जास्त. 'आम्ही २४ तासांत सुरू होऊ' असे लिहून देणाऱ्या संस्थेला हा भागाकार करून दाखवायला लावावा.

नुसता डेटा येऊनही भागत नाही, क्रम लागतो. आधी ओळख तपासणारी यंत्रणा, तिच्यासोबत डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा) आणि सगळ्या संगणकांची वेळ जुळवणारे घड्याळ, मग डेटाबेस, त्यानंतर ॲप्लिकेशन. घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की केर्बेरॉस ही ओळख तपासणारी पद्धत लॉगिनच नाकारते आणि माणसे तासन्‌तास भलतीकडेच बिघाड शोधत बसतात. ॲक्टिव्ह डिरेक्टरी ही मायक्रोसॉफ्टची ओळख-यंत्रणा असेल तर केआरबीटीजीटी या, लॉगिनची तिकिटे (प्रवेशाचे पुरावे) ज्याच्या आधारे बनतात त्या खात्याचा पासवर्ड दोनदा बदलावा लागतो, कारण आधीचा पासवर्डही चालू राहतो. एकदाच बदलला तर हल्लेखोराने बनवलेली खोटी तिकिटे वैध राहतात. दोन्ही बदलांच्या मध्ये निदान दहा तास जाऊ द्यावेत. हे बारकावे सरावातच कळतात, आणि हा सराव मुख्य नेटवर्कपासून तोडलेल्या जागी व्हायला हवा.

आता आत शिरण्याच्या नव्या वाटा. हल्ली ओटीपीही पुरत नाही. खोटे संकेतस्थळ मधे बसून पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही खऱ्या ठिकाणी पोहोचवते आणि लॉगिन झालेले सत्र चोरते. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली, मूळ संकेतस्थळाशी बांधलेली असते, त्यामुळे ती तिथे चालत नाही. ॲडमिनच्या खात्यांना ती आधी सक्तीची करावी. मग हल्लेखोर मदत कक्षाला फोन करून 'माझा फोन हरवला' म्हणतो. अशा वेळी नोंदीतल्या नंबरवर उलट फोन आणि वरिष्ठाची संमती, याशिवाय काहीही बदलू नये. पैशांच्या आदेशालाही हाच नियम हवा. २०२४ मध्ये हाँगकाँगमधून बातमी आली, की व्हिडिओ बैठकीत दिसलेले सहकारी बनावट होते आणि २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. अशी चित्रफीत डोळ्यांनी ओळखण्याचे प्रशिक्षण देण्यात आम्हाला फारसा अर्थ वाटत नाही.

आजचे एन्क्रिप्शन पुढे फोडू शकेल अशा क्वांटम संगणकाची धास्ती दाखवून आत्ताच उपकरणे विकणारे आपल्याकडेही येतील. निस्ट या अमेरिकी मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अशा संगणकापुढेही टिकण्यासाठीची तीन मानके प्रसिद्ध केली आहेत. सध्या कुठे कोणते एन्क्रिप्शन वापरले जाते याची यादी करणे एवढेच पहिले काम आहे.

लहान संस्थांकडे सरावासाठी वेगळे सर्व्हर नसतात. सरकारने अशी तोडलेली जागा आठवडाभरासाठी आळीपाळीने वापरायला द्यावी. पहिल्या वर्षी फक्त ओळख-यंत्रणा आणि एक डेटाबेस उभा करून मागावा; सगळे एकदम मागितले तर पुन्हा कागदच येतील.

आपले,
माहिती-सुरक्षेचे काम करणारे काही जण