दुसऱ्या रोलमधलं कापड लेबलवर लिहिलेलं नाही

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : सॅटिनच्या दोन रोलपैकी एक सदोष, बदलून मिळण्याबाबत
सोबत : ऑर्डरची पावती, दोन्ही रोलची लेबलं आणि सहा फोटो

महोदय/महोदया,

माझ्या भाचीच्या लग्नाची सजावट आम्ही घरीच करतोय. व्यासपीठामागच्या पडद्यावर कापडी फुलं लावायची म्हणून तुमच्याकडून फिक्या गुलाबी सॅटिनचे 8 मीटरचे दोन रोल एकाच ऑर्डरमध्ये मागवले. दोन्हींच्या लेबलांवर मजकूर एकच आहे : 100 टक्के पॉलिएस्टर, पन्हा 44 इंच, 'फुलं व बो यांसाठी, कडा ज्योतीवर बंद करण्यास योग्य'. या शेवटच्या ओळीमुळेच तुमचं कापड निवडलं होतं.

पहिला रोल उत्तम निघाला, हे आधीच सांगते. पाकळी मेणबत्तीच्या ज्योतीजवळून फिरवली की कड वितळून आत वळते, दोरे सुटत नाहीत आणि पाकळीला आपसूक खोलगटपणा येतो. त्या रोलची 176 फुलं तयार आहेत.

दुसऱ्या रोलमधून 270 पाकळ्या कापल्या. आम्ही आधी कापून घेतो आणि कडा नंतर एका बैठकीत शेकतो, त्यामुळे घोटाळा उशिरा लक्षात आला. पहिलीच पाकळी वितळायच्या ऐवजी काळी पडली आणि दुसरीने पेट घेतला. ज्योतीपाशी माझी आई बसली होती. शेजारी पाण्याचं भांडं असतं म्हणून निभावलं. आईला वाटलं तिचाच हात चुकला, म्हणून बिचारीने मुकाट्याने आणखी तीसेक पाकळ्या जाळून पाहिल्या.

मग मी कापडाच्या टोकाचे उभे आणि आडवे दोरे वेगळे काढून चिमट्यात धरून जाळले. उभा दोरा आक्रसला आणि त्याचा कडक काळा मणी झाला, म्हणजे तो पॉलिएस्टर. आडवा दोरा मात्र कागदासारखा भुरूभुरू जळला, वासही कागदाचाच, मागे उरली मऊ राखाडी राख. तो सुती असेल किंवा व्हिस्कोसचा. जळण्यावरून या दोघांत फरक करता येत नाही. पण पॉलिएस्टर नक्कीच नाही. अशा मिश्र कापडात न वितळणारा दोरा वातीचं काम करतो आणि वितळलेलं पॉलिएस्टर त्यालाच धरून जळत राहतं. 'ज्योतीसाठी योग्य' असं लिहिलेल्या लेबलाखाली हे कापड विकणं मला गंभीर वाटतं. पैशांचा प्रश्न त्यानंतरचा.

बाकीचे दोष याच्याच पोटातले. पॉलिएस्टर आणि सुती दोरा एकच रंग सारखा पीत नाहीत, म्हणून दुसऱ्या रोलची छटा वेगळी आहे. दिवसा खिडकीपाशी फरक जाणवत नाही, रात्री पिवळ्या दिव्याखाली दुसऱ्या रोलच्या पाकळ्या मातकट दिसतात, आणि समारंभ तर संध्याकाळचा आहे. 'दोन्ही रोल एकाच रंगलॉटचे द्या' असं ऑर्डरच्या टिपणीत लिहिलं होतं, तरी लेबलांवर लॉट क्रमांक वेगवेगळे आहेत. पन्हाही 42 इंचच भरला. आमची पाकळी 10 सेंटिमीटरची. 44 इंचांत आडव्या 11 बसतात, 42 इंचांत 10. म्हणजे पूर्ण रोलमागे 80 पाकळ्या कमी, एका फुलाला 5 धरल्या तर 16 फुलं गेली.

यावर तुमच्या प्रतिनिधींनी फोनवर दोन उत्तरं दिली : 'कापलेलं कापड परत घेत नाही' आणि 'ज्योत जास्त जवळ धरली असेल'. दुसऱ्याचं उत्तर त्या 176 फुलांत आहे. हात तोच, मेणबत्तीही तीच. पहिल्याबद्दल मला विचारायचंय की दोरा कशाचा आहे हे ग्राहकाने कात्री न लावता ओळखायचं कसं? हा दोष कात्री लावल्यावरच दिसतो आणि तुमची जबाबदारी नेमकी कात्रीपाशी संपते, हे मला मान्य नाही.

लग्नाला 19 दिवस आहेत. पहिल्या रोलच्या लॉटमधलं 8 मीटर कापड शिल्लक असेल तर ते तुमच्या खर्चाने पाठवा. क्रमांक फोटोत स्पष्ट दिसतो. नसेल तर दोन दिवसांत तसं स्वच्छ कळवा आणि दुसऱ्या रोलची पूर्ण रक्कम परत करा. 'जवळपास तीच छटा' कृपया पाठवू नका. तिसऱ्या गुलाबीपेक्षा मी फुलं विरळ लावून मधे पांढऱ्या ऑर्गंझाची झालर सोडेन. त्या लॉटचे इतर रोल विक्रीत असतील तर त्यांच्या लेबलवरची ज्योतीची ओळ आजच काढा.

न कापलेलं 5.3 मीटर कापड, कापलेल्या पाकळ्या आणि जळलेल्या पाकळ्यांचं पाकीट मी जपून ठेवलंय. तपासणीसाठी माणूस पाठवलात तर दोरे त्याच्यासमोर जाळून दाखवीन.

कळावे,
आपली ग्राहक