हनुवटीवरच्या त्या नकाशासाठी

डॉक्टर मॅडम,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला संकोच वाटेल. वर्ध्याहून पहाटेची गाडी धरून नागपूरला तुमच्या ओपीडीत आलेली ब्लाउज शिवणारी बाई म्हटलं की ओळखाल.

खालची डावी अक्कलदाढ काढून तेव्हा दीड महिना झाला होता. आडवी होती, हाड कोरून काढावी लागली. तिसऱ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागला. ते ड्राय सॉकेट निघालं, म्हणजे दाढेच्या जागेतलं हाड उघडं पडलेलं; खड्ड्यात लवंगेच्या वासाचं औषध भरल्यावर निवळलं. पण खालचा अर्धा ओठ आणि हनुवटी काही जागी होईना. जेवताना मुलगी हळूच म्हणायची, "आई, शीत." माझ्या हनुवटीला भात चिकटलेला, मला पत्ता नाही. आणि तिथेच पदर घासला की मिरची चोळल्यासारखी आग. बधिर जागा दुखते कशी, हे घरात कुणाला पटेना. मला तरी कुठे पटत होतं!

सुईत ओवताना दोऱ्याचं टोक मी ओठांत ओलं करते. दोरा ओठात आहे की निसटला, कळेनासं झालं. टाचण्या ओठात धरायची वीस वर्षांची खोड. एकदा गिऱ्हाइकाच्या अस्तरावर लाल ठिपका पडला, तेव्हा समजलं की टाचणी टोचलीय.

दाढ काढली त्या दवाखान्यात तीनदा जाऊन आले. दोनदा "आठ दिवसांत जाईल", तिसऱ्यांदा "टेन्शन घेता का?" त्यांचा हात चुकला असं मी म्हणत नाही, तुम्हीही म्हणाला नाहीत. पण असं होऊ शकतं, एवढं आधी कुणी तोंडाने सांगायला हवं होतं. सही केलेल्या कागदावर छापलेलं असेलही, मी वाचलं नव्हतं.

तुम्ही डोळे मिटायला लावलेत. कापसाची बारीक वात फिरवत, "कळलं की बोट वर करा" म्हणालात. मग टोकदार, मग बोथट. जिथे कळणं थांबलं तिथे पेनाने ठिपके देत गेलात, मी खडूने कापडावर आखते तसे. सगळे ठिपके जोडून माझ्याच मोबाइलवर फोटो काढलात. दीड महिन्यात पहिल्यांदा माझ्या दुखण्याला माप मिळालं.

मग जुना एक्स-रे खिडकीकडे धरून दाखवलात. जबड्याच्या हाडातून एक नळी जाते, तिच्यातली नस हनुवटीजवळच्या भोकातून बाहेर येऊन ओठाला पोचते, आणि माझ्या दाढेचं मूळ त्या नळीवरच टेकलेलं. नस दबलीय की तुटलीय हे यावरून सांगता येत नाही, म्हणालात. महिन्या-महिन्याला नकाशा काढू. तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर ऑपरेशनचा विचार करू, त्यात फार उशीर करून चालत नाही. पूर्ण बरी होईन का, असं विचारलं तर "आज सांगता येत नाही" म्हणालात. "होईल हो सगळं नीट" ऐकून ऐकून कान किटले होते, त्यामुळे तुमचं ते उत्तर मला औषधासारखं लागलं.

नस वाढते ती साधारण दिवसाला एक मिलिमीटर, हेही तुमच्याकडून कळलं. घरी येऊन मी दाढेपासून हनुवटीपर्यंत टेप लावली: साडेपाच सेंटीमीटर. म्हणजे पंचावन्न दिवस, असा हिशोब मांडून पुढच्या खेपेला तुम्हाला दाखवला, तर तुम्ही हसलात. नस टेपच्या हिशोबाने चालत नाही, आधी थांबते, मग निघते. मुंग्या आल्या तर घाबरू नका, आनंद माना.

अडीच महिन्यांनी, काजं करता करता, मुंग्या आल्या. मशीन थांबवून रडले. रात्रीच्या प्रेगाबालिनच्या गोळीने आगही उतरत गेली. सकाळी डोकं जड असायचं, म्हणून कटिंग दुपारी ठेवलं.

आता आठ महिने झालेत. नकाशा आक्रसून एक रुपयाच्या नाण्याएवढा उरलाय, थंडीत तेवढाच झिणझिणतो. राहिला तर राहू दे. टाचण्या आता मनगटाच्या उशीत टोचते.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या एप्रनचा उजवा खिसा खालून उसवलाय, पेन त्यातूनच दोनदा पडलं. पुढच्या तपासणीला सुई-दोरा घेऊन येते. तेवढा एप्रन काढून द्या, दहा मिनिटांचं काम आहे.

तुमची,
वर्ध्याची शिवणवाली