नेलपॉलिश मुदतीआधीच घट्ट होत असल्याबाबत व सदोष झाकणाबाबत तक्रार

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व गुणवत्ता नियंत्रण विभाग.

विषय : आपल्या ९ मि.लि. नेलपॉलिशच्या बाटल्यांचे झाकण घट्ट बसत नसल्याने माल वापराच्या मुदतीआधीच निकामी होणे, आणि त्यावर आपल्या ग्राहक सेवा विभागाने दिलेला चुकीचा सल्ला.

महोदय / महोदया,

मी अकोला शहरात स्वतःचे छोटे ब्यूटी पार्लर चालवते. लग्नसराई तोंडावर आली असताना, फेब्रुवारी महिन्यात, मी आपल्या अधिकृत वितरकाकडून आपल्या कंपनीच्या नेलपॉलिशच्या दोन डझन बाटल्या वेगवेगळ्या शेडमध्ये पक्क्या बिलावर घेतल्या. एप्रिल संपण्याच्या आतच त्यांतील निम्म्याहून अधिक बाटल्यांमधील पॉलिश इतके घट्ट झाले, की ब्रश बाहेर काढताना साखरेच्या पाकासारखी तार सुटू लागली. विशेष म्हणजे, ज्या बाटल्या मी एकदाही उघडल्या नव्हत्या, त्यांतल्या काहींचीही हीच गत झाली होती. याबाबत मी आपल्याला ईमेलने कळवले असता, उन्हाळ्यात नेलपॉलिश घट्ट होणे स्वाभाविक आहे, त्यात थोडे रिमूव्हर मिसळावे, बाटली गरम पाण्यात ठेवावी आणि तरीही उपयोग न झाल्यास कंपनीचे थिनर विकत घ्यावे, असे उत्तर आले. हे उत्तर मला मान्य नाही. ते का मान्य नाही आणि माझे म्हणणे नेमके काय आहे, हे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, दोष हवेचा नाही आणि पॉलिशच्या वयाचाही नाही. दोष आपल्या झाकणाचा आहे.

नेलपॉलिश म्हणजे नायट्रोसेल्युलोज (नखावरचा थर तयार करणारा मुख्य घटक), राळ, रंगद्रव्य आणि थर लवचीक ठेवणारे घटक इथाइल ॲसिटेट व ब्यूटाइल ॲसिटेट यांसारख्या द्रावकांत विरघळवून किंवा मिसळून केलेला द्रव असतो. नखावर लावल्यावर ही द्रावके उडून जातात आणि मागे कडक, चमकदार थर उरतो. हीच क्रिया बाटलीत होऊ लागली, की पॉलिश घट्ट होते. बाटलीचे तोंड नीट बंद असेल तर द्रावक बाहेर जाऊ शकत नाही, मग बाहेरचा पारा कितीही असो. अकोल्यात मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, हे खरे आहे आणि उष्णतेने द्रावक लवकर उडते, हेही खरे आहे; परंतु त्यासाठी त्याला बाहेर पडायला वाट मिळावी लागते. माझ्या पार्लरमध्ये त्याच कपाटात, त्याच कप्प्यात, दुसऱ्या दोन कंपन्यांच्या बाटल्या गेल्या वर्षापासून आहेत. त्या आजही पहिल्या दिवसासारख्या चालतात. हे कपाट खिडकीपासून दूर, भिंतीच्या आत आहे आणि त्यावर ऊन कधीच येत नाही. तेव्हा सगळा दोष विदर्भाच्या उन्हाळ्यावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

आता झाकणाविषयी. आपल्या बाटलीचे झाकण दुहेरी आहे. आत ब्रश बसवलेले पांढरे प्लॅस्टिकचे टोपण आहे आणि त्यावर शोभेचे चौकोनी सोनेरी आवरण चढवलेले आहे. आपण बाटली बंद करतो तेव्हा बोटांत धरतो ते हे वरचे आवरण. एका मर्यादेपर्यंत आवरण आणि टोपण दोन्ही बरोबर फिरतात. त्यानंतर आवरण आतल्या टोपणावरून किंचित घसरते आणि हाताला झाकण पूर्ण बसल्याचा भास होतो. प्रत्यक्षात आतले टोपण बाटलीच्या काठापर्यंत पोहोचलेलेच नसते. मी वरचे आवरण ओढून काढले आणि आतले टोपण छोट्या पकडीने फिरवून पाहिले, तेव्हा ते आणखी जवळजवळ पाव फेरा फिरले आणि मगच काठाला टेकले. न उघडलेल्या बाटल्यांमध्येही हेच आढळले, म्हणजे कारखान्यातून बाहेर पडतानाच त्या अर्धवट बंद होत्या. आतल्या बाजूला, काठावर दाबून बसणारे जे गोल कडे असते, ते आपल्या टोपणात इतके पातळ आहे की टोपण पूर्ण फिरवल्यावरही काही बाटल्यांवर ते एका बाजूने उचललेले दिसते.

पॉलिश घट्ट झाल्याच्या तक्रारीवर नेहमी एक उत्तर दिले जाते, ते म्हणजे बाटलीच्या तोंडावर आणि आट्यांवर पॉलिश वाळून बसल्याने झाकण नीट लागत नाही. ते कारण खरे असते, आणि म्हणूनच पार्लरमध्ये प्रत्येक वापरानंतर बाटलीचे तोंड रिमूव्हरमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसण्याची पद्धत मी कटाक्षाने पाळते. शिवाय न उघडलेल्या बाटल्यांच्या आट्यांवर पॉलिश येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

खात्री करण्यासाठी मी एक साधी चाचणी केली. आपल्या एकाच शेडच्या, एकाच बॅचच्या दोन न वापरलेल्या बाटल्या घेतल्या. एक जशी आली तशीच ठेवली, दुसरीचे आतले टोपण पकडीने शेवटपर्यंत आवळले. दोन्ही बाटल्या शेजारच्या सराफाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून एकाच कप्प्यात ठेवल्या. आठवड्यानंतर पुन्हा तोलल्या, तेव्हा जशीच्या तशी ठेवलेली बाटली पाव ग्रॅमहून अधिक हलकी झाली होती. आवळलेल्या बाटलीच्या वजनात मात्र फरक पडला नव्हता. पॉलिश तेच, शेड तीच, उन्हाळाही तोच. वेगळे काही होते, तर ते फक्त टोपण. या चाचणीचे फोटो मी ईमेलमध्ये पाठवले होते, परंतु आपल्या उत्तरात त्यांचा साधा उल्लेखही नव्हता.

मला हा व्यवसाय माहीत आहे, म्हणून आणखी एक गोष्ट स्पष्ट करते. रंगद्रव्य तळाशी बसू नये म्हणून नेलपॉलिशमध्ये विशिष्ट प्रकारची माती वापरतात. आपल्या डब्यावरील घटकांच्या यादीतही स्टिअराल्कोनियम हेक्टोराइट हे नाव आहे. या मातीमुळे बरेच दिवस न हलवलेले पॉलिश दाट वाटते आणि बाटली तळहातांमध्ये घोळवली, की ते पुन्हा सैल होते. तो दोष नव्हे, तो त्या मिश्रणाचा गुणच आहे. माझ्या तक्रारीतील बाटल्या मात्र कितीही घोळवल्या तरी सैल होत नाहीत, आणि त्यांतील पॉलिशची पातळी बाटलीच्या खांद्याखाली उतरलेली डोळ्यांना दिसते.

आपल्या ग्राहक सेवा विभागाने दिलेल्या सल्ल्याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण तो सल्ला माझ्याप्रमाणे इतरांनाही दिला जात असणार. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असते, आणि अनेकदा त्याच्या जोडीला पाणी, तेल किंवा सुगंधी द्रव्य असते. ॲसिटोन ५६ अंशांनाच उकळते, म्हणजे ७७ अंशांना उकळणाऱ्या इथाइल ॲसिटेटपेक्षाही ते लवकर उडते. त्यामुळे रिमूव्हर घातल्यावर पॉलिश तेवढ्यापुरते पातळ दिसते आणि झाकण सदोष असेल तर लगेच पुन्हा दाटते. त्यात पाणी असेल तर नायट्रोसेल्युलोज त्या मिश्रणात नीट विरघळलेले राहत नाही. पॉलिश गढुळते, त्यात गुठळ्या धरतात आणि नखावरचा थर चिवट न राहता पापुद्र्यासारखा निघून येतो. असे बिघडलेले पॉलिश पुन्हा ठीक करता येत नाही. ज्या कंपनीने हे मिश्रण तयार केले, तिच्याच माणसांनी ते बिघडवण्याचा उपाय सुचवावा, हे मला अत्यंत गंभीर वाटते.

बाटली गरम पाण्यात ठेवण्याचा सल्ला तर त्याहून धोक्याचा आहे. इथाइल ॲसिटेटची वाफ खोलीच्या साध्या तापमानालाही पेट घेऊ शकते, आणि आपल्याच डब्यावर ज्वलनशील असल्याची व आगीपासून दूर ठेवण्याची सूचना छापलेली आहे. घरोघरी गरम पाणी म्हणजे गॅसवर ठेवलेले पातेले. पार्लरमध्ये वॅक्सचा हीटर शेजारीच चालू असतो. झाकणातून आधीच गळती असलेली बाटली तेथे नेऊन तापवा, असे कोणत्याही ग्राहकाला सांगू नये. शिवाय गरम केल्याने पॉलिश तात्पुरते पातळ झाले, तरी त्यातून द्रावक आणखी जोराने उडते, म्हणजे गार झाल्यावर ते पूर्वीपेक्षा घट्ट होते.

थिनरबद्दल माझा आक्षेप वेगळा आहे. इथाइल आणि ब्यूटाइल ॲसिटेटचे योग्य थिनर हाच या बाबतीतला बरोबर उपाय आहे. त्याचे दोन-तीन थेंब टाकून बाटली न हलवता हातात घोळवली, तर उडून गेलेले द्रावक बऱ्याच अंशी भरून निघते. वर्षभर वापरलेल्या बाटलीसाठी मी स्वतः ते विकत घेते आणि त्याबद्दल माझी कधीही तक्रार नसते. परंतु कंपनीच्या सदोष झाकणातून जे द्रावक उडाले, ते भरून काढण्यासाठी त्याच कंपनीचे थिनर ग्राहकाने पदरच्या पैशाने घ्यावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. डब्यावर ९ मि.लि. असे निव्वळ परिमाण छापून आपण त्याचे पैसे घेतले आहेत. न उघडलेल्या बाटलीत माझ्या हाती पडेपर्यंत तेवढे उरलेच नसेल, तर छापलेल्या परिमाणापेक्षा कमी माल दिल्याचाही हा विषय होतो, हे कृपया लक्षात घ्यावे. वापराची मुदतही आपणच बॅच क्रमांकाशेजारी छापली आहे आणि ती संपण्यास अजून वर्षाहून अधिक अवकाश आहे.

या सगळ्याचा परिणाम माझ्या कामावर झाला. घट्ट पॉलिशचा हात जाड बसतो. वरचा पापुद्रा वाळल्यासारखा दिसतो आणि आतला थर ओला राहतो. एका नवरीच्या आईला मी आपली मरून शेड लावून दिली. वाळण्यासाठी नेहमीपेक्षा अधिक वेळ त्यांना बसवून ठेवले होते, तरीही पदर सावरताना त्यांच्या अंगठ्याच्या नखावर पैठणीच्या जरीची जाळी जशीच्या तशी उमटली आणि जरीच्या काठाला मरून डाग पडला. त्या बाईंनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, पण त्यांचे पैसे मी घेतले नाहीत आणि घेऊही शकत नव्हते. लहान गावा-शहरांत आमचा व्यवसाय तोंडी शिफारशीवर चालतो. असा एक डाग किती घरांपर्यंत पोहोचतो, याचा विचार आपण करावा.

आपल्या प्रतिनिधींनी दूरध्वनीवर असेही सुचवले, की मी व्यवसायासाठी माल घेतल्यामुळे ग्राहक या व्याख्येत बसत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये, केवळ स्वयंरोजगारातून आपली उपजीविका चालवण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा वापर व्यापारी हेतूत धरलेला नाही. माझे पार्लर मी एकटी चालवते आणि माझे घर त्यावरच चालते. त्यामुळे हा मुद्दा कृपया पुन्हा उपस्थित करू नये.

या पार्श्वभूमीवर माझी मागणी अशी आहे की, घट्ट झालेल्या सर्व बाटल्यांची बिलाप्रमाणे पूर्ण रक्कम मला परत मिळावी. बदली माल मला नको, कारण त्याच झाकणाच्या नव्या बाटल्या पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तशाच होतील. संबंधित बॅचच्या झाकणांची तपासणी करून तिचा निष्कर्ष मला लेखी कळवावा, आणि दोष सिद्ध झाल्यास त्या बॅचचा वितरकांकडे शिल्लक असलेला माल परत घ्यावा. रिमूव्हर मिसळण्याचा आणि गरम पाण्याचा सल्ला आपल्या ग्राहक सेवेतून तत्काळ बंद करावा, ही मागणी माझ्या पैशांपेक्षा मला अधिक महत्त्वाची वाटते. डब्यावर मराठी व हिंदीत दोन ओळी छापाव्यात : वापरानंतर बाटलीचे तोंड पुसावे, आणि पॉलिश घट्ट झाल्यास फक्त नेलपॉलिश थिनर वापरावे. डब्याची एक बाजू आज नुसत्या फुलांच्या नक्षीने भरलेली आहे, त्यामुळे जागेची अडचण येणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न मिळाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवेन, आणि आवश्यक वाटल्यास अकोला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तसेच अन्न व औषध प्रशासनाकडे दाद मागेन. सर्व बाटल्या, त्यांचे डबे आणि चाचणीतील दोन बाटल्या मी वेगळ्या पेटीत जपून ठेवल्या आहेत. आपला प्रतिनिधी पाहणीसाठी आल्यास त्या त्याला दाखवीन. नेण्याची गरज असल्यास बॅच क्रमांकानिशी पोच घेऊनच त्या ताब्यात देईन, आणि त्यांतील एक आवळलेली व एक न आवळलेली बाटली माझ्याकडेच राहील.

कळावे,

आपली ग्राहक,
ब्यूटी पार्लर संचालिका, अकोला

सोबत : बिलाची प्रत, बॅच क्रमांक दिसणारे डब्यांचे फोटो, झाकणाचे व वजनकाट्याचे फोटो, यापूर्वीच्या ईमेलच्या प्रती.